कॉफी कलरच्या भिंतीवरचा टीव्ही

"मॅडम, असा टीव्ही दाखवा ज्याले ओल्या फडक्यानं पुसलं तरी काही होत नाई."

मेश्राम काका बोलत होते माझ्याशी, पण मान वळवून बघत होते सुनेकडे. सून, शीतल, दोन पावलं मागे उभी होती. मे महिन्यातली दुपार, नागपुरात बर्डीवरचं आमचं शोरूम, एसी फुल्ल. तरी त्या एका वाक्यानं तिचा चेहरा लाल झाला. काकू शेजारच्या वॉशिंग मशीनचं झाकण उघडून आत बघायला लागल्या. त्यांना वॉशिंग मशीन घ्यायचं नव्हतं.

मी या शोरूमच्या टीव्ही विभागाची इन-चार्ज आहे. त्याआधी बरीच वर्षं एका सर्व्हिस सेंटरला टीव्ही उघडून दुरुस्त करत होते. आयटीआय, इलेक्ट्रॉनिक्स. आजही एखादं गिऱ्हाईक मला बघून विचारतं, "कोनी जेन्ट्स नाई का समजावून सांगायले?" मी म्हणते, "आहेत ना, चहा आणायला गेलेत."

"काका, असा टीव्ही कोणतीच कंपनी बनवत नाही," मी म्हटलं. "झालं काय?"

झालं होतं ते असं. घरात पंचावन्न इंची टीव्ही होता, चांगल्या कंपनीचा, तसा नवाच. आधी पडद्यावर उभ्या रेघा आल्या. मग अर्धा पडदा काळा, मग पूर्ण. सर्व्हिसचा इंजिनिअर आला, मागचं कव्हर उघडलं, आत ओल गेली आहे म्हणाला. ओल गेली की वॉरंटी गेली. इथवर ठीक होतं. पण जाता जाता तो सहज बोलून गेला, "पुसताना पाणी गेलं असेल." आणि त्या घरात टीव्ही पुसणारी व्यक्ती एकच होती.

"मी तं कोरडं फडकंच वापरलं," शीतल हळू आवाजात म्हणाली. "टीव्हीसंग आलं होतं तेच."

"मंग पानी काय आभाळातून पडलं का?"

इंजिनिअरला मी दोष देणार नाही. एलईडी टीव्हीच्या पडद्याच्या खालच्या कडेला, फ्रेमच्या आत, पापडासारख्या पातळ पट्ट्यांची एक रांग असते. चित्र पडद्यापर्यंत पोचवायचं काम त्यांचं. लोक काचेवर स्प्रे मारतात, थेंब ओघळून खालच्या फटीत शिरतो, पट्ट्या गंजतात आणि टीव्हीच्या अंगावर रेघा येतात. सर्व्हिस सेंटरला मी असले टीव्ही इतके उघडलेत की सांगायची सोय नाही. खरं सांगायचं तर काकांचं ऐकून मलाही आधी तेच वाटलं होतं.

काका मात्र आता पासष्ट इंची टीव्हीपुढे जाऊन उभे राहिले होते. त्यावर पोपट उडत होते. शोरूममधल्या टीव्हीवर नेहमी पोपट, फुलं, समुद्र नाहीतर मध असतो. हा डेमो व्हिडिओ कंपनी मुद्दाम बनवून पाठवते. टीव्हीही डेमो मोडमध्ये असतो, म्हणजे उजेड आणि रंग दोन्ही वर चढवलेले. नवरीच्या मेकअपवरून मुलगी पसंत करण्यातलाच हा प्रकार. मी रिमोट घेऊन मोड साधा केला, पोपट घालवले आणि सेट टॉप बॉक्सवरून बातम्यांचं चॅनेल लावलं.

"हे काय, खराब झाला ना," काका म्हणाले.

"खराब नाही झाला. खरा झाला. घरी तुम्ही पोपट पाहणार का बातम्या?"

एचडी, फोर-के हे सगळं पडद्यात किती बारीक ठिपके आहेत त्याचं माप. ठिपके कितीही असोत, चॅनेल साधं असलं की मोठ्या पडद्यावर ते ताणलं जातं आणि बातम्या देणारीचा चेहरा मेणासारखा दिसतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला नेहमी माणसाचा चेहरा बघायला सांगते. पोपटाचा खरा रंग आपल्याला कुठं माहीत असतो?

काका तिथं चेहरे बघत होते, तेवढ्यात काकूंनी मला वॉशिंग मशीनकडे ओढलं.

"मॅडम, तुमाले सांगतो. घरी कोनी आलं अन् इचारलं टीव्ही काहून बंद, का हे सांगतात, सुनेनं फोडला. फोनवर तेच, लग्नात तेच. पुऱ्या नातेवाइकाईत झालं. पोरगी कळमेश्वरले कंपनीत जाते, सक्काळी डबे करून जाते, आल्यावर कोनाशी बोलत नाई. आता म्हनून राहिली वेगळं राहू. पोरगा बी हो म्हनून राहिला." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "मले टीव्ही नाई पायजे बाई. घर पायजे."

खरं सांगते, मला राग आला. काकांचा आला, त्या जाता जाता बोलून गेलेल्या इंजिनिअरचा आला, आणि पाच मिनिटांपूर्वी मीही मनात तेच म्हटलं होतं म्हणून स्वतःचाही आला. पण रागानं टीव्ही विकता येत नाही. मी परत काकांकडे गेले आणि माझा नेहमीचा प्रश्न विचारला.

"काका, भिंतीचा फोटो आहे का?"

टीव्ही घ्यायला येणारा माणूस किती इंच ते ठरवून येतो. भिंत कोणती, उजेड कुठून येतो, बसणार कुठं, हे त्याला विचारलं की तो गोंधळतो. म्हणून मी फोटो मागते. काकांच्या मोबाइलमध्ये नातवाच्या वाढदिवसाचा फोटो निघाला. केक, टोप्या, फुगे, मागे कॉफी कलरची भिंत आणि तिच्यावर बंद टीव्ही. बंद टीव्ही म्हणजे आरसाच. मी फोटो बोटांनी मोठा केला. काळ्या पडद्यात समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब होतं, आणि खिडकीत बरोबर मधोमध कूलरची जाळी.

"कूलर टीव्हीच्या अगदी समोर आहे?"

"मंग! बम मोठा कूलर आहे मॅडम." काका पहिल्यांदा खुलले. "कंपनीचा पंप फालतू होता. मी सोता मोठा पंप बसवला, ताट्या नव्या टाकल्या. आता हॉल असा थंडा होते का शाल घेऊन बसा."

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे उन्हाळा काढायचा तो कूलरवर. लोखंडी पेटी, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, पंप त्यांच्यावर पाणी सोडतो, पंखा ओली हवा घरात ढकलतो. प्रत्येक घरात एक पुरुष असा असतो ज्याला वाटतं की कूलर त्याच्याइतका कोणाला कळत नाही. त्याला एसी रिपेअरिंगवाल्याचंही पटत नाही.

मला अंदाज आला. पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे, आणि त्या घरात जे झालं होतं ते अंदाजानंच झालं होतं. शिवाय दुकानात उभं राहून "तुमच्या कूलरनं टीव्ही मारला" असं सांगितलं असतं तर काका म्हणाले असते, बाई बाईची बाजू घेऊन राहिली.

"काका, आज टीव्ही देत नाही. उद्या सकाळी मी घरी येऊन भिंत बघते."

"काहून? पैसे घेऊन आलो ना."

एवढ्यात आमचे मालक आले. त्यांना सगळे भैयाजी म्हणतात. माणूस चांगला, पण मे महिन्यात फक्त टार्गेट दिसतं. त्यांनी मला कॅश काउंटरमागे बोलावलं.

"मॅडम, गिऱ्हाईक उभं आहे, पासष्ट इंच गोडाउनमध्ये पडला आहे, अन् तुमी देत नाई म्हनून राहिल्या. तब्येत बराबर आहे ना?"

"हा टीव्ही त्याच भिंतीवर लागला तर हा माणूस पुढच्या उन्हाळ्यात इथं उभा राहून आपल्याला शिव्या देईल."

"पुढच्या उन्हाळ्याचं पुढच्या उन्हाळ्यात पाहू. पलीकडच्या दुकानात गेला तं?"

"जात नाही."

"अन् गेला तं?"

"तर मला बोला."

भैयाजींनी कपाळाला हात लावला. "उद्या दुपारपर्यंत बिल झालं पायजे. नाई तं मी सोता पासष्ट इंच घेऊन त्याईच्या घरी जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तोंडाला स्कार्फ गुंडाळून मी स्कूटीवर निघाले. काकांचं घर कोराडी रोडला, रिटायर झाल्यावर बांधलेलं. कोराडीच्या पॉवर स्टेशनात काका नोकरीभर वॉटर ट्रीटमेंटला होते. बॉयलरमध्ये जाणारं पाणी अगदी शुद्ध लागतं. त्यात क्षार राहिले तर नळ्यांच्या आत पांढरा थर बसतो आणि नळी फुटते. ते क्षार काढायचं काम काकांचं. मी बूट काढायच्या आत त्यांनी मला हे सगळं सांगितलं होतं.

शीतलची साप्ताहिक सुट्टी होती, त्यामुळे तीही घरी होती. तिनं पाणी दिलं आणि दाराशी उभी राहिली, बसली नाही. हॉल नीटनेटका. एका भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली फुलं. दुसऱ्या भिंतीवर, जिला पेंटर हायलाइट म्हणतात, कॉफी रंग आणि मेलेला टीव्ही. समोर खिडकीत कूलर.

भिंतीजवळ गेले तर तिच्यावर पांढरे बारीक ठिपके होते. पुष्कळ.

"पेंटरनं फसवलं," काकू म्हणाल्या. "भारीचा कलर सांगतला अन् पांढरं सुटून राहिलं. पुसलं तं जात नाई."

"काका, टीव्ही खाली उतरवू. तुम्ही एकीकडून धरा. शीतल, तू दुसरीकडून."

शीतल क्षणभर जागची हलली नाही. मग आली. दोघांनी मिळून टीव्ही उचलला आणि दिवाणावर पालथा ठेवला. भिंतीवर जिथं टीव्ही होता तेवढा चौकोन कोरा करकरीत कॉफी. एकही ठिपका नाही. भोवती मात्र सगळीकडे ठिपके, कूलरच्या समोर दाट आणि कडेला जावं तसे विरळ. टीव्हीच्या वरच्या कडेवरही तेच, आणि मागे हवा खेळायला जी छिद्रं असतात त्यांच्या काठांवरही.

"काका, हे काय असेल?"

मी सांगू शकले असते. पण हे त्यांच्या धंद्यातलं होतं, माझ्या नाही, आणि हेच हवं होतं मला. काकांनी चष्मा सावरला, वाकले, नखानं एक ठिपका खरवडला. बोटावर पांढरी भुकटी आली. ती त्यांनी अंगठ्यानं चोळली. पुन्हा खरवडलं.

"लिंबू आन वं," ते काकूंना म्हणाले.

काकूंनी अर्धं लिंबू आणलं. काकांनी एका दाट जागेवर चार थेंब पिळले. बारीक फेस आला आणि ठिपके विरघळून गेले. रंग खाली शाबूत होता.

"पेंटर नाई," काका म्हणाले. "स्केल आहे. बोअरच्या पान्याचं स्केल."

बादलीला, नळाला, गिझरला जो पांढरा थर बसतो तोच हा. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. फडक्यानं पुसलेलं पाणी असं ठिपक्याठिपक्यानं वाळत नाही. आणि टीव्ही पुसणारी बाई आजूबाजूची भिंत ओली करत बसत नाही. हे मी बोलले नाही. बोलायची गरज नव्हती.

"कूलर लाव," काका शीतलला म्हणाले, आणि स्वतः जाऊन टीव्ही होता तिथं भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

तिनं बटण दाबलं. पंप गुरगुरला, ताट्या भिजल्या, पंखा घोंघावला. हॉल खरोखरच थंड होत होता, त्यात वाद नाही. काका कवायतीत उभं राहावं तसे ताठ उभे होते. काही वेळानं त्यांनी चष्मा काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. दोन्ही काचांवर पाण्याचे बारीक तुषार बसले होते.

"मोठा पंप," ते म्हणाले. "ताट्याईले झेपते त्याच्यापेक्षा जास्त पानी सुटते. पंखा वढून फेकून राहिला." त्यांनी कूलर बंद केला. नोकरीभर ज्यांनी पाण्यातला क्षार कुठं कुठं जाऊ शकतो ते ओळखून अडवला, त्यांच्या हॉलमध्ये तो रोज दुपारी उडत होता आणि त्याखाली ते शाल घेऊन बसत होते. माणसं कामावरून घरी येतात तेव्हा डोळे बहुधा तिकडेच ठेवून येतात.

"शीतल," काका म्हणाले. "बेटा, चुकी माही होती. सॉरी."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही.

"मले सॉरी नोका म्हनू बाबा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण आदल्या दिवशीचा दबका आवाजही नव्हता. "मले माहीत होतं मी नाई केलं. तुमी ज्याईले ज्याईले सांगतलं सुनेनं टीव्ही फोडला, त्याईले सांगा."

काकू स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. मी टेप काढून उगाच दरवाजा मोजायला लागले. परक्या घरात असा प्रसंग आला की टेप फार कामाला येतो. पण कान तिकडेच होते. सासरा रागावतो का, विषय उडवून लावतो का, की सुनेच्या हट्टाला हसतो? त्या एका क्षणावर तिचं त्या घरातलं राहणं ठरणार होतं, आणि हे आम्हा चौघांनाही कळत होतं.

काकांनी खिशातून मोबाइल काढला. पहिला फोन कामठीच्या मोठ्या बहिणीला, स्पीकरवर.

"जय भीम, आक्का. आयक. टीव्ही शीतलनं नाई बिघडवला. मी बिघडवला."

"काय म्हनून राहिला तू?"

"कूलरचा पंप मोठा लावला, त्याचं पानी उडालं. तिची काही चुकी नाई. मी तुले खोटं सांगतलं होतं."

मग आक्का म्हणाल्या, "मले तं तवाच वाटलं होतं. पोरगी तशी नाई."

"सगळ्यात जास्त तं आत्याबाईच बोलल्या होत्या," शीतल माझ्या कानाशी म्हणाली, आणि तिला हसू आलं. तिनं ओढणी तोंडाला लावली, तरी खांदे हलत होते.

दुसरा फोन साडूंना. तिसरा कॉलनीतल्या जुन्या जोडीदाराला. काका एकेक नंबर शोधत होते आणि प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य म्हणत होते, मी बिघडवला. काकू आतून आठवण करून देत होत्या. "गांधीबागेतल्या भाच्याले बी लावा. त्यानं तं पुऱ्या वरातीत सांगतलं होतं." काकांचा चेहरा पडला, पण त्यांनी भाच्यालाही लावला.

मी तोवर भिंती बघितल्या. कॉफी कलरची भिंत बाद. तसबिरींच्या भिंतीवर टीव्हीचा विषयच नव्हता. उरली बेडरूमच्या दाराशेजारची. तिथं कूलरची हवा पोचत नव्हती, पण रुंदी कमी. त्रेचाळीस इंच बसत होता, त्याहून मोठा नाही.

"लहान नाई पडनार?" काकांनी फोन कानाला लावूनच विचारलं.

"दिवाण जवळ आहे. काकूंना बातम्यांची खालची पट्टी वाचता येईल. आणखी काय पाहिजे?"

पंपाचं त्यांनी स्वतःच ठरवलं, जुना लहान पंप परत लावायचा. वॉरंटीचं मी आधीच सांगून टाकलं. मिळणार नव्हती, कूलरचं पाणी हेही पाणीच. इंजिनिअरनं सांगितलेली ओल खरी होती, फक्त ती फडक्याची नव्हती.

दुपारी तिघं शोरूमला आले. काका या खेपेला मागे उभे होते. "तू पाह्य," ते सुनेला म्हणाले. शीतलनं दोन त्रेचाळीस इंची टीव्ही निवडले आणि मला दोन्ही बंद करायला सांगितले. मला आधी कळेना. मग ती दोन्ही काळ्या पडद्यांसमोर उभी राहिली आणि ज्यात ट्यूबलाइट कमी दिसत होती त्याच्यावर बोट ठेवलं. "नव्या भिंतीवर खिडकीचा उजेड आडवा येईल ना. हा द्या." इतक्या वर्षांत टीव्ही बंद करून निवडणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघितलं.

बिल झालं. भैयाजी माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"मॅडम, पासष्टचे त्रेचाळीस झाले."

"पण परत येणार नाहीत."

"अवं, गिऱ्हाईक परत आलं पायजे ना!"

"तक्रार घेऊन येणार नाहीत म्हणतेय."

आणि गिऱ्हाईक आलं ते असं. आधी गांधीबागेतला भाचा आला, दारातूनच विचारत, "ते कूलरवाल्या मॅडम कुठी आहेत?" मग साडू आले, मोबाइलमध्ये हॉलच्या चारही भिंतींचे फोटो काढून. काकांनी माफी मागायला जितके फोन केले तितक्या घरांत माझं नाव पोचलं होतं. भैयाजींनी त्यानंतर होम व्हिजिटबद्दल एक शब्द काढला नाही. उलट आता गिऱ्हाइकाला स्वतःच विचारतात, "कूलर कुठी आहे तुमचा?"

पावसाळ्याच्या तोंडाशी काकूंचा फोन आला. टीव्ही छान चालू होता. शीतल आणि तिचा नवरा वेगळं राहायचं म्हणत होते ते मागे पडलं का, हे विचारायची माझी हिंमत होत नव्हती. त्यांनीच सांगितलं. "घरातच राहिली बाई. पन एक सांगून ठेवलं तिनं, घरात काही बी बिघडलं का आधी इचारायचं, मंग सांगायचं." आणि काका? "आता नळ गळला तरी पयले तिलेच इचारतात, पाह्य वं, मीच तं काही नाई केलं ना?"

शोरूमला नवी मुलं कामाला लागली की ट्रेनिंग माझ्याकडे असतं. त्यांना मी सर्व्हिस सेंटरचा जुना नियम शिकवते. बिघाड शोधताना आधी प्लग बघा, मग वायर, मग बोर्ड, मग भिंत, मग हवा-पाणी, आणि हे सगळं तपासून झाल्यावर माणूस. घरोघरी लोक हाच क्रम पाळतात. फक्त खालून वर.